अंगाचा वास जात नाही? आधी तो कुठून येतो ते शोधा

दिवसातून दोनदा अंघोळ, महागडा साबण, वर डिओ. तरीही संध्याकाळच्या बसमध्ये शेजारची व्यक्ती जराशी सरकून बसली की पोटात गोळा येतो. अशा माणसाला घरचे, मित्र, कधी कधी डॉक्टरसुद्धा एकच सांगतात: स्वच्छता पाळा. वासाने गांजलेला माणूस चारचौघांपेक्षा जास्तच अंघोळ करत असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग साबण बदलतो, डिओ बदलतो, कडुनिंबाची पावडर येते, कुणीतरी ‘शरीरशुद्धी’चा काढा गळ्यात मारतं आणि वास आहे तिथेच राहतो.

माझं म्हणणं एवढंच की उपायाआधी वासाचा पत्ता शोधा. ‘अंगाला वास येतो’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो सगळ्या अंगाला नसतोच. एखाद्या घडीतून, तोंडातून, नाकातून किंवा चक्क शर्टातून येत असतो. म्हणून पहिले दोन आठवडे नवीन काहीही विकत घेऊ नका. सुगंधी साबण, पावडर, अत्तर, डिओ सगळं बंद. बिनवासाचा साधा साबण तेवढा चालेल. दर्पात अत्तर मिसळलं की कुठला वास कुठला हेच कळेनासं होतं.

घामाबद्दल थोडं माहीत असलेलं बरं. अंगभर पसरलेल्या लाखो ग्रंथींतून येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याला वास जवळपास नसतो. काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती वेगळ्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना कामाला लागतात. त्यांचा स्राव दाटसर, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असलेला. तोही ताजा असताना बिनवासाचाच असतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो कांद्यासारखा उग्र दर्प सुटतो. (आठ वर्षांच्या आतल्या मुलीच्या किंवा नऊ वर्षांच्या आतल्या मुलाच्या काखेला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला, तर डिओ आणून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.)

पायरी 1: दुसऱ्याचं नाक उसनं घ्या

आपलं नाक आपल्याच वासाला काही मिनिटांत सरावतं. त्यामुळे स्वतःला वास येत नाही यावरून काही सिद्ध होत नाही, आणि येतोय असं वाटणंही पुरावा म्हणून कच्चंच. दुसरं माणूस लागतं. आई, बहीण, नवरा, बायको, खोलीत सोबत राहणारा मित्र, जो खोटं दिलाशाचं बोलणार नाही असा एक जण निवडा. विचारणं अवघड जातं, पण वाक्य साधं ठेवा: “मला वासाचा त्रास आहे की नाही ते शोधायचंय. मी विचारीन तेव्हा खरं सांग, मला राग येणार नाही.” आणि खरंच राग येऊ देऊ नका.

तीन वेळा विचारा: सकाळी अंघोळीनंतर तासाभराने, संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, आणि रात्री, अंगावरून काढलेल्या कपड्यांबद्दल वेगळं. नुसतं ‘येतो का’ विचारून थांबू नका, कसा येतो तेही विचारा. खवट असेल तर टाळू, कानामागची घडी आणि केसांचं तेल संशयित. उग्र, कांद्यासारखा असेल तर काख. आंबूस, चीजसारखा असेल तर पाय. कुबट, उबट असेल तर कपडे आणि टॉवेल. कुजका असेल तर नाक, टॉन्सिल, दात किंवा कुठेतरी साठलेला पू. माशासारखा असेल तर त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

बसमध्ये कुणी नाकाला रुमाल लावला, सहकाऱ्याने खिडकी उघडली, लिफ्टमध्ये कुणी खोकलं, हे पुरावे धरू नका. लोकांना सर्दी असते, उकडत असतं.

पायरी 2: जागा एकेक करून तपासा

संध्याकाळी, अंघोळीआधी, कोरड्या पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे घ्या. एकेक तुकडा एकेका जागी दहाबारा सेकंद घासा: दोन्ही काखा वेगवेगळ्या, कानामागे, मानेची मागची बाजू, टाळू, स्तनांखाली, बेंबी, जांघ, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या. प्रत्येक तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि वर नुसता आकडा घाला. मग तुमच्या त्या विश्वासू माणसाने आकडा बघून वास घ्यायचा. कुठला तुकडा कुठला हे त्याला सांगायचं नाही. हे वाचायला विचित्र वाटेल, पण महिनोन्महिने साबण बदलण्यापेक्षा एका संध्याकाळची ही खटपट जास्त सांगून जाते. बेंबीला फार कमी लोक हात लावतात. तिथे मळ, तेल आणि मृत त्वचा साठून काळा खडा झालेला असतो, आणि तो भयंकर वास मारतो. तो उकरू नका. खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकून मऊ होऊ द्या, नाही निघाला तर डॉक्टर चिमट्याने काढतात.

तोंडासाठी धागा वापरा. मागच्या दाढांमधून फ्लॉस फिरवून लगेच हुंगा. जिभेच्या मागच्या भागावरून चमचा उलटा ओढून तो पांढरट थर हुंगा. तोंडाच्या वासाची बहुतेक कारणं तोंडातच असतात आणि पोट साफ करण्याच्या चूर्णाने ती जात नाहीत. टॉन्सिलच्या खळग्यांत तांदळाच्या कणीएवढे पिवळट खडे साठतात, खोकल्याबरोबर कधी तरी बाहेर पडतात. बोटात चिरडले की येणारा वास एकदा आला की विसरत नाही.

पायरी 3: कपड्यांची झडती

इथे जरा थांबायला हवं, कारण निम्मी गाडी इथेच अडलेली असते आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे कुणी शर्ट घेऊन जात नाही.

धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला शर्ट घ्या. वास घ्या, बहुधा काही येणार नाही. आता काखेच्या शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा आणि लगेच नाक जवळ न्या. वास उठला, तर त्या कपड्यात घामाचे स्निग्ध अंश आणि जिवाणू अजून मुक्कामाला आहेत. सकाळी घरातून निघताना तो शर्ट स्वच्छ असतो, अंगाच्या उबेने आणि ओलीने तासाभरात जागा होतो. माणसाला वाटतं, ‘अंघोळ करून निघालो आणि लगेच वास सुरू!’ पॉलिएस्टरच्या गणवेशात, जिमच्या टी-शर्टात आणि सिंथेटिक ब्लाउजच्या अस्तरात हे सुतीपेक्षा बरंच जास्त होतं.

उपाय असा. कपडा उलटा करा. बादलीभर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून तासभर भिजत ठेवा, मग नेहमीच्या पावडरीने धुवा. रेशीम आणि लोकरीला सोडा वापरायचा नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना साठ अंशांचं पाणी चालतं आणि वासाचे जिवाणू मारायला ते कामी येतं. फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि वास आत कोंडला जातो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दोरीवर दोन-दोन दिवस लटकलेल्या कपड्यांचा कुबट वास मोराक्सेला या जिवाणूमुळे येऊ शकतो. तो साध्या धुण्याला दाद देत नाही आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतो. म्हणून जून ते सप्टेंबर कपडे दाटीवाटीने वाळत घालू नका, पंख्याखाली पसरून घाला, आणि अर्धवट ओले असताना कपाटात ढकलू नका. टॉवेल दर तीन दिवसांनी गरम पाण्यात टाका. वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून बघा. काळा बुळबुळीत थर दिसला तर तुमचे सगळे कपडे त्यातून निघताहेत.

अंगावरून कधीच न उतरणाऱ्या वस्तूही तपासा. करगोटा, जानवं, गळ्यातला गंडा, मनगटाचा देवाचा धागा, दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र, घड्याळाचा कापडी पट्टा, हेल्मेटचं अस्तर. रोज अंघोळीत भिजून अंगावरच अर्धवट वाळणारा दोरा महिनाभरात काय होतो ते हुंगूनच कळतं. बदलण्यात धर्म बुडत नाही. ओल्या केसांचा अंबाडा आणि आठवडाभर तेल प्यायलेला उशीचा अभ्रा यांचंही तेच.

पायरी 4: काखेत गुन्हेगार सापडला तर

मोबाइलचा टॉर्च लावून काखेतले केस जवळून बघा. केसांवर पिवळट, मेणचट आवरण किंवा चिकट कण दिसले आणि धुऊनही निघाले नाहीत, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. पिवळा घामाचा डाग पडतो म्हणून लोक बनियन बदलत राहतात, कारण मात्र केसांवर बसलेलं असतं. केस काढून टाका, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी डॉक्टर लावायचं अँटिबायोटिक देतात.

असं काही नसेल तरी केस कमी ठेवल्याने वास कमी होतो. नंतर बेंझॉइल परॉक्साइडचा अडीच ते पाच टक्क्यांचा वॉश, जो मुरुमांसाठी मिळतो, अंघोळीत काखेला लावून दोन मिनिटं ठेवून धुवायचा, सुरुवातीला एक दिवसाआड. रंगीत टॉवेलचा रंग उडतो, म्हणून पांढरा वापरा. आग झाली तर थांबा.

घाम फार येत असेल तर डिओ आणि घामरोधक यांतला फरक लक्षात घ्या. डिओ वास झाकतो, घामरोधकातली ॲल्युमिनियमची क्षारं ग्रंथींची तोंडं तात्पुरती बंद करतात. घामरोधक लावायची वेळ रात्रीची, झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर. सकाळी धुऊन टाकायचं. सकाळी ओल्या काखेला लावून धावपळीत निघणारे ‘काही फरक नाही’ म्हणतात ते यामुळे. तुरटीही याच वंशातली, स्वस्त आणि बऱ्याच जणांना पुरेशी. लिंबू चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी काळी पडते. खायचा सोडा काहींना चालतो, पण त्वचा सोलवटते म्हणून मी तो सुचवत नाही.

पायरी 5: घड्या आणि पाय

स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत त्वचा त्वचेला चिकटून ओली राहते. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून, दोन मिनिटं पंख्याखाली उभं राहून मगच कपडे घाला. जांघेतला तपकिरी, फारशी खाज नसलेला पट्टा गजकर्ण समजून लोक मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणतात. तो बरेचदा एरिथ्रास्मा हा जिवाणूंचा आजार असतो. त्वचातज्ज्ञांच्या खास निळसर दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या मिश्र ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. त्याने आठवडाभर बरं वाटतं आणि खरं गजकर्ण असलं तर ते आणखी पसरतं.

सेफ्टी शूज किंवा गमबूट दिवसभर घालणाऱ्यांनी रात्री पाय दहा मिनिटं पाण्यात भिजवून तळवे बघावेत. टाचेवर आणि चवड्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर ते जिवाणूंनी खाल्लेले असतात. हा प्रकार पायांच्या भयानक वासाचं फार सामान्य कारण आहे आणि लावायच्या औषधाने काही आठवड्यांत जातो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरले नाहीत तर मात्र परत येतो.

पायरी 6: जिथे कुणी बघत नाही

लहान मुलाच्या सगळ्या अंगाला अचानक कुजका वास येऊ लागला आणि अंघोळीने जात नसेल, तर आधी नाक तपासून घ्या. चिंचोका, मणी, स्पंजचा तुकडा नाकपुडीत महिनोन्महिने अडकून बसतो. एकाच नाकपुडीतून घाण शेंबूड ही मोठी खूण. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, वस्तू आत सरकते.

स्त्रियांमध्ये संबंधानंतर किंवा पाळीच्या आसपास वाढणारा माशासारखा वास आणि पातळ राखाडी स्राव बहुधा योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडल्याचा असतो. गोळ्यांनी जातो. सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ने तो वाढतो. अचानक कुजका वास सुरू झाला तर आत राहून गेलेला टॅम्पॉन किंवा कापूस आहे का, हेही बघावं लागतं.

गुदद्वाराजवळ पुळी येते, फुटते, पुन्हा येते आणि चड्डीला पिवळट डाग पडतात, असं असेल तर ते भगंदर असू शकतं, सर्जनना दाखवा. खोकताना, हसताना थेंबभर लघवी निसटते हे साठीच्या बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष कुणाला सांगत नाहीत, आणि नातवंडं मात्र ‘आजीला वास येतो’ म्हणतात. त्यालाही उपचार आहेत, व्यायामापासून सुरुवात होते.

पायरी 7: ताट आणि औषधांचा डबा

लसणातलं एक गंधकयुक्त संयुग पचनातून सुटून रक्तात आणि तिथून फुप्फुसात जातं, म्हणून लसणाची चटणी खाल्ल्यावर दात घासून उपयोग होत नाही. मेथीतलं सोटोलोन हे द्रव्य घामात आणि लघवीत गोडसर, पाकासारखा वास आणतं. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीला आणि मेथीचं पाणी पिणाऱ्या मधुमेहींना तो कधी तरी जाणवतो, निरुपद्रवी आहे. मद्यही श्वासातून बाहेर पडतं. संशय असेल तो पदार्थ दोन आठवडे बंद करा, मग पुन्हा खाऊन बघा. एका वेळी एकच, सगळं एकदम सोडलंत तर काही कळणार नाही.

नैराश्यावरच्या काही गोळ्या, ट्रामाडॉल हे वेदनाशामक, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस यांनी घाम वाढतो. स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना सांगा.

पायरी 8: डॉक्टरांकडे काय न्यायचं

एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, कसला वास, कुठल्या तुकड्याला, कोणी ओळखला, काय केल्याने कमी-जास्त झाला, कोणती औषधं चालू. ‘मला वास येतो’ म्हटलं की डिओचा सल्ला मिळतो. ‘डाव्या काखेला, चार महिन्यांपासून, माझ्या बहिणीला न सांगता ओळखता येतो’ म्हटलं की डॉक्टर तपासतात. रक्तातली साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या साध्या तपासण्या करून घेणं रास्त आहे.

काही गोष्टींत वाट बघू नका. श्वासाला फळासारखा गोड वास, सोबत उलट्या आणि जोरजोरात श्वास, विशेषतः मधुमेह असेल तर, लगेच रुग्णालय गाठा. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी हवी. काखेत किंवा जांघेत वरचेवर दुखऱ्या गाठी येऊन फुटत असतील तर त्वचातज्ज्ञ.

माशासारखा वास आणि सगळं नॉर्मल

सगळं तपासून झालं, आणि घाम, श्वास, लघवी तिन्हींना माशासारखा वास येतो, कधी येतो कधी नाही, तर एक दुर्मीळ आजार डोक्यात ठेवा: ट्रायमिथाइलअमीनुरिया. आतड्यातले जिवाणू अन्नातल्या कोलीन या पोषकद्रव्यापासून ट्रायमिथाइलअमीन हे माशासारख्या वासाचं द्रव्य बनवतात. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं बिनवासाच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. त्या विकराचं एफएमओ3 हे जनुक आईवडील दोघांकडूनही सदोष आलं की काम अडतं. महाभारतातल्या मत्स्यगंधेची आठवण डॉक्टर मंडळींनाही होते. तिला पराशर भेटले, बाकीच्यांना आहार सांभाळावा लागतो.

पाळीच्या सुमारास, तापात आणि ताणात वास वाढतो. अंड्याचा बलक, कलेजी, सोयाबीन, राजमा कमी करावे लागतात. समुद्री माशांत ते ऑक्साइड आयतंच असतं, मोरी-मुशीत (शार्कमध्ये) तर भरपूर, आणि पोटातले जिवाणू ते उलट फिरवतात. रोहूसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत ते बरंच कमी. अंगाला साडेपाच-सहा पीएचचा, म्हणजे किंचित आम्लधर्मी साबण वापरल्याने त्वचेवरचा हा वायू बिनवासाच्या क्षारात बदलतो आणि वास लक्षणीय उतरतो. रिबोफ्लेविन (बी2 जीवनसत्त्व), सक्रिय कोळसा किंवा अँटिबायोटिकचा छोटा कोर्स डॉक्टर ठरवतात. निदान लघवीतल्या ट्रायमिथाइलअमीन आणि त्याच्या ऑक्साइडच्या प्रमाणावरून आणि जनुकाच्या चाचणीवरून होतं. गल्लीतल्या लॅबच्या यादीत ते नसतं, मोठ्या रुग्णालयाच्या आनुवंशिकी विभागात विचारा. गरोदरपणात कोलीन स्वतःच्या मनाने तोडू नका, बाळाला ते लागतं.

वास कुणालाच येत नसेल तर

दोन-तीन माणसांनी, आकडे घातलेले तुकडे हुंगून, वेगवेगळ्या दिवशी ‘काही नाही’ सांगितलं, तरीही तुम्हाला खात्री आहे की वास येतो, चारचारदा अंघोळ होते, ऑफिसला जाणं बंद झालंय. याला नाव आहे, तो खरा आजार आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची स्वतंत्र नोंद आहे: घ्राणसंदर्भ विकार. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून तो जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं आणि विचार-वर्तनाची उपचारपद्धती यांनी फरक पडतो. मात्र कोविडनंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर कुजका, जळका वास सतत येऊ लागला असेल तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञ, कारण घ्राणशक्तीच बिघडलेली असू शकते.

या टप्प्यावर घरच्यांनी एक नियम पाळावा. दिवसातून वीसदा ‘आता येतोय का?’ विचारलं जाईल आणि दर वेळी ‘नाही गं’ म्हणावंसं वाटेल. ते उत्तर दहा मिनिटं पुरतं आणि प्रश्न वाढत जातात. डॉक्टरांशी बोलून ठरवा: दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकच उत्तर. बाकी वेळी “याबद्दल आपण संध्याकाळी बोलायचं ठरलंय” एवढंच म्हणा आणि जेवायला बसा.